हात क्रमांक सतरा

तीस वर्षं मी बार्शी आगारात वाहतूक नियंत्रक होतो. खिडकीत बसून लोकांना सांगायचं, भूम गाडी कुठे लागेल, कुर्डुवाडीची कधी सुटली, परांड्याला जायचं तर कुठे बदलायचं. माणूस कितीही गोंधळून आला तरी माझ्या खिडकीवरून सरळ होऊन जायचा, अशी माझी ख्याती होती. निदान माझी तरी तशी समजूत होती. तोच मी, अंकुश गव्हाणे, त्या दिवशी भर दुपारी फोन हातात धरून स्वतःच्याच घरात गोल गोल फिरत होतो.

फोनवर लिहिलं होतं, 'लोककवच कार्ड स्वीकारणारा आपल्या तालुक्यातील फिजिओथेरपिस्ट: हात क्र. १७. आपल्यापासून अंतर: ० मीटर.'

आता शून्य मीटर म्हणजे कुठे? स्वयंपाकघरात गेलो, शून्य. मोरीपाशी गेलो, शून्य. रस्त्यावर येऊन कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चालत गेलो, तर नव्वद. परत फिरलो, तर कमी कमी होत उंबऱ्यात पुन्हा शून्य. म्हणजे फोन बिघडला नव्हता. फिजिओथेरपिस्ट माझ्या घरात होता आणि मलाच सापडत नव्हता.

"पिल्लं हलवायच्या मांजरीवानी काय फिरायलाव?" पलंगावरून जयमाला म्हणाली.

"डॉक्टर शोधायलोय."

"घरात?"

"घरातच दाखवायलाय."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की झटका तिला आलाय की मला, हे मलाच कळेना.

झटका तिलाच आला होता. एकतीस दिवसांपूर्वी, सकाळी, भाकरी थापताना. अर्धी थापलेली भाकरी परातीत तशीच राहिली. पाय आठवड्यात सावरला. बोलणं शाबूत होतं, ते बंद पाडेल असा झटका अजून जन्माला यायचाय. पण उजवा हात खांद्यापासून खाली गेला तो गेलाच. मूठ मिटलेली, बोटं आत वळलेली. गल्लीत कुठलंही कार्य असलं की भाकऱ्या जयमालाच्या, हे ठरलेलं. आता ती तो हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायची आणि दुसऱ्याचं पोर सांभाळायला दिल्यासारखं त्याच्याकडे बघत बसायची.

डॉक्टरांनी मला समजावलं, आणि ते मला चटकन समजलं, कारण ते रस्त्याचंच होतं. मेंदूतून हाताकडे जाणारी मोठी वाट खचली होती. ती काही पुन्हा बांधता येत नाही. पण पूल खचला म्हणून गाड्या बंद होत नाहीत, आपण फाट्यावरून वळवतोच की. मेंदूही आडवाटा शोधतो. मात्र ही शोधाशोध तो पहिले तीन महिनेच जोरात करतो. त्या नव्वद दिवसांत रोज कुणीतरी जाणत्या हातानं तो हात हलवायला हवा, आणि त्याच वेळी तिनंही मनापासून हलवायला बघायला हवं. तेवढ्यात वाट पडली तर पडली. नंतर मेंदू म्हणतो, जाऊ दे, तो हात नव्हताच असं समजू.

म्हणून मी लोककवच कार्ड घेऊन निघालो. सरकारी विमा, सगळ्यांना लागू, असं कार्डाच्या पाठीवर छापलेलं आहे. पोस्टाजवळच्या डॉक्टरांच्या पाटीवर 'लोककवच' या अक्षरांवर पांढरी पट्टी मारलेली होती. तिथली मुलगी म्हणाली, पट्टी मारलीय म्हणजे बंद आहे असं नाही, पण चालू आहे असंही नाही. दुसऱ्या ठिकाणी कार्ड चालत होतं, पण गुडघ्याला. हाताला नाही. तिसऱ्या ठिकाणी कार्ड घेणारे सर गुरुवारी येतात म्हणाले. कुठल्या गुरुवारी, ते त्यांना सांगता येईना. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नंबर लागला तो चार महिन्यांनंतरचा. मी तिथल्या खिडकीतल्या बाईला म्हटलं, "बाई, तोवर वाट बंद होईल." ती म्हणाली, "काका, आता रस्ता चांगला झालाय."

आणि आता हा शून्य मीटरवरचा.

घरात आम्ही दोघंच. वर भाडेकरू कोरे सर, गणिताचे, एकटे राहतात. मी जिना चढून गेलो आणि जमेल तितक्या अदबीनं विचारलं, "सर, तुम्ही कुणाचे हातबित चोळून देता का?" सरांनी मला एकदा खालून वर बघितलं आणि दार हळूच लावून घेतलं. त्यानंतर पंधरा दिवस ते मला बघून जिन्यात थांबायचे, मी गेल्यावर उतरायचे.

शेवटी मदत क्रमांकावर फोन लावला. यंत्र म्हणालं, "आपला उपचारक आपल्याजवळच आहे. निश्चिंत राहा."

*

दोन दिवसांनी शिफा तांबोळी आली. लोककवच केंद्रातली मुलगी. शिकून फिजिओथेरपिस्टच झालेली, पण काम बाह्या बसवून द्यायचं. तिनं पिशवीतून राखाडी रंगाची, जाड मोज्यासारखी एक लांब बाही काढली.

"शून्य मीटर का दाखवतंय माहीत नाही, काका. आम्हाला हाताचा नुसता नंबर दिसतो, नाव नाही. पण हात म्हणाल तर जिल्ह्यात एक नंबर. सहाशे पेशंट झालेत या हातावर."

"अगं, पण हात म्हणजे काय? माणूस कुठाय?"

"माणूस लागत नाही."

मग तिनं सांगितलं ते असं. कार्ड घेणारे फिजिओ उरले नाहीत तेव्हा योजनेनं घरच्याच लोकांना शिकवलं. सून, मुलगा, शेजारी, जो कुणी आजारी माणसाचं करत असेल त्याला. त्यांना हातमोजे दिले आणि पेशंटला बाही. मोजा टिपून घ्यायचा, कुठल्या बोटानं किती दाबलं, कुठे थांबलं, कुठे वळवलं. पेशंट रोज पाचपैकी गुण द्यायचा. ज्या हातांखाली माणूस सुधारला आणि ज्यांना गुणही चांगले पडले, ते हात यंत्रानं ठेवून घेतले. बाहीच्या विणीत असे धागे आहेत की बारीकशी वीज सोडली की आखडतात, अगदी स्नायूसारखे. त्या धाग्यांनी तेच हात, त्याच दाबानं, दुसऱ्या कुणाच्याही दंडावर पुन्हा फिरतात. नियम एवढाच, की हात तालुक्यातलाच पाहिजे. का पाहिजे ते शिफालाही माहीत नव्हतं.

हे ऐकताना मला काहीतरी आठवायला हवं होतं. पाच वर्षांपूर्वी माझ्या आईला, सोजरबाईंना असाच झटका आला होता तेव्हा आमच्याकडेही मोजे आले होते. पण ते गावात चाळीस घरांत आले होते. मला काही आठवलं नाही.

"हा हिरवा ठिपका बघा," बाहीच्या कोपरापाशी बोट ठेवून शिफा म्हणाली. "मेंदूनं बोटांना हुकूम सोडला, कितीही क्षीण असला, तरी हा लागतो. बाही हलवतेय आणि ठिपकाही लागलाय, तर तो उपचार. ठिपका न लागता हललं तर ती नुसती कसरत."

जयमाला म्हणाली, "माझा लागंल का?"

"तो तुमच्यावर आहे, काकू. आणि एक सांगून ठेवते, घाबरू नका. या हातांची एक खोड आहे. सगळं झालं की शेवटी मूठ एकेक बोट करून उघडतात, तळव्यावर टेकतात आणि मूठ पुन्हा मिटवतात. आम्ही शिकवलेल्या व्यायामात हे नाही. बाही बनवणाऱ्या पुण्याच्या लोकांनी ते काढून टाकलं होतं, तर पेशंटची बोटं सुधारायचीच थांबली. परत घातलं. पेशंट म्हणतात, हातात काहीतरी द्यायचं राहून गेल्यासारखं वाटतं. खेड्यांकडं तर याला नऊ बोटांच्या बाई म्हणतात."

"नऊ का?" मी विचारलं.

"एक बोट टेकतच नाही. का, कुणास ठाऊक."

बाही चढवली. बारीक घरघर झाली आणि जयमालाचा दंड आपोआप दाबला जाऊ लागला. मला बाहेरून एवढंच दिसत होतं, की कापड कुठे कुठे आत जातंय. ती आधी नुसती बघत होती. मग तिचा चेहरा आक्रसला.

"लई जोरात हाय गं. आणि घाई केवढी."

"कमी करू का?"

"थांब." तिनं डोळे मिटले. बाही दंडावरून मनगटाकडे उतरत गेली. मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "डाव्या हाताची करंगळी टेकना झालीय."

तिनं आपला चांगला, डावा हात वर केला. लहानपणी कडबा कुट्टीच्या यंत्रात त्या हाताची करंगळी सापडली होती. तेव्हापासून ती बाहेर वळलेली, कशालाच टेकत नाही. लग्नात अंगठी घालताना मी ती पहिल्यांदा बघितली होती.

"हे माझं हात हायत," जयमाला म्हणाली.

बाहीनं तिची मूठ उघडली. एक बोट, दुसरं, तिसरं. तळवा किंचित दबला आणि मूठ मिटली. जयमाला हुंदका देऊन रडायला लागली.

*

शून्य मीटरचं कोडं सुटलं, पण गोंधळ काही सुटला नाही. शिफानं फोन उघडून आमच्या कार्डावरची जुनी नोंद काढली. संमतीचा अर्ज आमच्याच घरून गेला होता आणि अक्षर माझं होतं. सगळ्या चौकटींत बरोबरची खूण. अर्जात रकाना रिकामा ठेवणं माझ्या रक्तातच नाही. 'आपले हात इतर रुग्णांसाठी वापरण्यास हरकत नाही' या वाक्यापुढेही मी खूण केली होती आणि जयमालाला म्हटलं होतं, इथे सही कर. तिनं केली होती.

"स्वतःचेच हात चालतात का, नियमानं?" मी विचारलं.

"नियमात नाही असं काही. कुणाला असं होईल असं वाटलंच नसणार." शिफा डोकं खाजवत गेली.

जयमालानं दुसऱ्या दिवशी बाही घालायला नकार दिला. तिसऱ्या दिवशीही. का ते सांगेना. मी समजावलं, रागावलो, कॅलेंडरवर बोट आपटून दाखवलं. छत्तीस, सदतीस, अडतीस. तालुक्यात कार्डावर चालणारे दुसरे हातच नव्हते.

"मला माझं हात नको," एवढंच ती म्हणायची.

एकोणचाळिसाव्या दिवशी ती झोपलेली असताना मी बाही स्वतःच्या हाताला चढवली. सुरू झाली आणि मी ओरडायचा राहिलो. बायकोचा हात लागलेला मला माहीत होता, पण हा तसा नव्हता. खांद्याखाली अंगठा असा रुतला की डोळ्यांत पाणी आलं. एक जागा सोडली की लगेच दुसरी. सकाळी भाकरी, डबे, धुणं, आणि मध्येच सासूचा हात, अशी सगळी घाई त्या दाबात होती. मला आईचा आवाज ऐकू यायला लागला. त्या सात महिन्यांत रोज सकाळी आतल्या खोलीतून यायचा तोच. "मेले गं! मोडला माझा हात! हात हायत का दगड!" आणि जयमालाचा, "गप बसा आत्या, सोंगं करू नगा!"

मी तेव्हा काय करत होतो? चप्पल घालून बाहेर जात होतो. सासू-सुनेच्या भांडणात पडू नये, असं मला शहाण्या माणसांनी सांगितलं होतं. संध्याकाळी आई माझ्यापाशी तक्रार करायची, तुझी बायको हात मोडती माझा. मी दोन्हीकडे मान हलवायचो. कोण खरं आणि कोण खोटं, ते मला कधीच कळलं नाही. आता दंडात कळ उठली तेव्हा वाटलं, आई खरं बोलत होती.

मग शेवटी त्या हातांनी माझी मूठ उघडली. इतका वेळ घाईत असलेले हात एकदम सावकाश झाले. तळव्यावर टेकले, आणि मूठ जपून मिटली. आत काही नव्हतं. मी मूर्खासारखा मूठ उघडून बघितली.

दुपारी केंद्रावर जाऊन शिफाकडून आईनं दिलेले गुण मागितले. वारस म्हणून ते मला बघता येत होते. दोनशे चौदा दिवस. रोज पाचपैकी पाच. एक दिवस चुकून चार पडले होते, तर ते दुरुस्त करून पुन्हा पाच केले होते.

आता काय समजायचं माणसानं?

*

मी घरी येऊन ते जयमालाला सांगितलं. ती भिंतीकडे बघत बसली होती.

"रोज पाच?" तिनं विचारलं.

"रोज."

ती हसली आणि त्याच हसण्यात तिचे डोळे भरले. "आवं, ते सोंग होतं. आमचं ठरलेलं. आत्या म्हणायच्या, तू मोठ्यानं खेकस, मी मोठ्यानं रडते. म्हंजी अंकुश आत यायचा न्हाई."

"मी आत येऊ नये म्हणून? का?"

"गूळ द्यायचे मी त्येंला. सगळं झालं की हरभऱ्याएवढा. मूठ उघडून ठेवायचा, त्यांनी मिटायची आन् तोंडापातुर न्यायचा."

आईला साखर होती. घरातला गूळ मी लोखंडी कपाटात कुलपात ठेवला होता, किल्ली माझ्या करगोट्याला. मी ताडकन उठून उभा राहिलो.

"रोज?"

"रोज. गिरणीवाल्या काकू द्यायच्या."

"साखर साडेतीनशेवर गेली होती तिची! मी डॉक्टरला शिव्या घातल्या. गोळ्या बदलल्या. आणि तुम्ही दोघी..."

"त्यांचा हात उघडला का न्हाई? शेवटी च्याची कपबशी स्वताच्या हातानं धरली का न्हाई त्यांनी?"

धरली होती. मी ते गल्लीत सगळ्यांना सांगत फिरलो होतो. तीन वर्षांपूर्वी ती झोपेतच गेली. गुळानं गेली की वयानं, हे आता कोण सांगणार?

मी चिडून स्टँडवर जाऊन बसलो. माझ्या जुन्या खिडकीत आता यंत्राचा पडदा लावलाय, गाड्यांची नावं तोच सांगतो. तीन गाड्या लागल्या आणि सुटल्या. आपण नक्की कुणावर रागावलोय तेच ठरेना. बायकोवर म्हणावं, तर तिनं आईचा हात परत आणला होता. आईवर म्हणावं, तर ती नाही. मला एवढंच दिसत होतं, की माझ्या घरातल्या दोन बायकांनी सात महिने रोज एक नाटक केलं, आणि त्यातला प्रेक्षक मी एकटा होतो.

परत आलो तर जयमाला तशीच बसलेली. न विचारताच बोलली.

"मला वाटायचं, आत्या रडायचं सोंगच करायल्यात. कसं झ्याक जमतंय म्हणून मला हसू यायचं. परवा बाही लागली तवा कळलं. खरंच दुखत होतं हो. लई दुखत होतं. आन् मी म्हणायचे, सोंगं करू नगा."

"मग तिनं पाच का दिले?"

"ते मला काय ठावं?" ती ओरडली. "तेच तर मला कळंना झालंय!"

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट कळली नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं. मला तिचा राग येईना. मी बाही उचलली.

"जयमाला, आजचा एकोणचाळिसावा संपतोय. घाल."

तिनं डावा हात पुढे करून बाही घेतली.

*

शिफा म्हणाली, दाब थोडा कमी करता येईल, पण आखडलेला सांधा ताणाशिवाय सुटत नाही. दुखणारच. आणि शेवटच्या त्या हालचालीचं, गुळाचं मी तिला सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली.

"म्हणून! काका, बोटं उघडतात ती बाहीनं नाही. काहीतरी मिळणार आहे म्हणून मेंदू स्वतः उघडायला बघतो. हात पुढं करायची इच्छा झाली की हुकूम सुटतो. आणि आम्ही सहाशे लोकांच्या रिकाम्या मुठी उघडतोय! मी आजच सगळ्या घरी कळवते."

मला एवढंच कळलं, की औषध कपाटात आहे. दुसऱ्या दिवशी बाहीनं जयमालाची मूठ उघडली तेव्हा मी चांगला लिंबाएवढा गुळाचा खडा तिच्या तळव्यावर ठेवला. कंजुषी नको म्हटलं. बाहीनं मूठ मिटली. ठिपका लागला नाही. खडा घरंगळून चादरीवर पडला आणि मुंग्यांची सोय झाली.

चार दिवस गूळ. चारही दिवस ठिपका मेलेला.

"मन लाव की जरा," मी म्हटलं.

"मला गूळ आवडत न्हाई."

"काय?"

"कवाच आवडत न्हाई. आत्यांना आवडायचा."

"मग तुला काय आवडतं?"

हे विचारलं आणि आपण काय विचारलं ते मला ऐकू आलं. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. कुतूहलानं म्हणावं तसं.

"शोधा," ती म्हणाली.

मी शोधायला लागलो. पेढा आणला, ठिपका नाही. शेंगापोळीचा तुकडा, नाही. बेदाणे, खारीक, कैरी, भजी. गिरणीवाल्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, ती कुठं काय मागती? माहेरी तिच्या भावाला फोन केला, तो म्हणाला, दाजी, तिला सगळंच आवडतं. सगळंच आवडतं म्हणजे कुणी विचारलेलंच नाही. सणावाराला ती काय मन लावून खायची ते आठवायचा प्रयत्न केला, तर मला तिचं फक्त वाढणं आठवत होतं. तीस वर्षं मी गावाला कुठली गाडी कुठे लागते ते सांगितलं, आणि माझ्या बायकोची गाडी कुठे लागते, हे मला माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. दिवस जात होते. पंचावन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट. कोपर वळायला लागलं होतं, खांदा मोकळा झाला होता, पण बोटं ढिम्म.

बासष्टाव्या दिवशी बाही लवकर चढवली होती आणि उपचार चालू असतानाच गिरणीवाल्या काकूंच्या सुनेनं भाकऱ्या आणून दिल्या. गरम होत्या. भूक लागली होती. मी तिच्यासमोरच ताट घेऊन बसलो आणि नेहमीसारखा भाकरीचा पापुद्रा सोलायला लागलो. टम्म फुगलेल्या ज्वारीच्या भाकरीचा वरचा, पातळ, जरासा करपलेला पापुद्रा. तो मला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून आवडतो. जयमाला तव्यावरून उतरवली की आधी तो अलगद काढायची, तेल आणि शेंगाचटणी लावून माझ्या ताटात टाकायची, आणि खालची जाड भाकरी स्वतःला ठेवायची.

माझी बोटं पापुद्र्याखाली गेली आणि माझं लक्ष सहज तिच्या कोपराकडे गेलं.

हिरवा ठिपका लागला होता.

मी थांबलो. ठिपका विझला. पुन्हा थोडा पापुद्रा सोलला. ठिपका लागला. मी मान वर केली. जयमाला खिडकीकडे बघत होती. म्हणजे, खिडकीकडे बघत असल्याचं दाखवत होती.

तेहेतीस वर्षांच्या किती भाकऱ्या होतात याचा हिशोब माझ्या डोक्यात सुरू झाला आणि मी तो हट्टानं बंद केला.

"तुला पण हाच आवडतो?" मी विचारलं.

"तुमाला आवडतो म्हणून..." ती खिडकीकडे बघतच म्हणाली.

काकूंच्या सुनेची भाकरी मी बाजूला ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन परात घेतली. पीठ कसं मळायचं हे ती पलंगावरून ओरडून सांगत होती, पाणी बेतानं, अजून मळा, तळव्यानं रगडा, हाताला जीव हाय का न्हाई तुमच्या. पहिली भाकरी नकाशासारखी झाली. दुसरी तव्यावर टाकतानाच फाटली. तिसरी करपली. चौथी वाकडीतिकडी होती, पण टम्म फुगली. मी चटके खात तिचा पापुद्रा काढला. तेल लावलं, चटणी भुरभुरली आणि धावत आत आलो.

बाहीचे हात शेवटच्या हालचालीला आले होते. एक बोट उघडलं. दुसरं. ठिपका लागला होता आणि विझत नव्हता. तिसऱ्या बोटाला बाहीची घरघर थांबली, तरी बोट उघडत राहिलं. मी पापुद्रा तिच्या तळव्यावर ठेवला.

बाही मूठ मिटवणार, तोच जयमालाचीच बोटं हलली. थरथरत, वाकडी, एकेक करून. पापुद्रा कुरकुरला आणि तिच्या मुठीत चुरा झाला. तिनं कोपर वळवून मूठ तोंडापर्यंत नेली. अर्धा चुरा पदरावर सांडला. उरलेला तिनं खाल्ला आणि डोळे मिटून चावत राहिली.

फोनवर पाच चेहरे आले. आजच्या उपचाराला किती गुण द्याल? जयमालानं डाव्या हातानं फोन ओढून घेतला आणि सगळ्यात हसरा चेहरा दाबला. पाच.

आणि मग तिनं तोंड वर करून, कोरे सरांना जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हंबरडा फोडला.

"मेले गं आई! चटणी हाय का जाळ! माणसाचं हात हायत का दगड!"

मी खोलीतून बाहेर गेलो नाही.